पट्टीपर्यंत पाणी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

काचवाल्या एजंटानं दरवर्षीसारखी डायरी दिली. एरवी माझी बायको सकिना तिची पानं फाडून कपाटाच्या फळ्यांवर अंथरते. यंदा मी म्हटलं, राहू दे मला. घरात माझं बोललेलं कुणी ऐकत नाही, लिहिलेलं तरी राहील.

तर मी हनीफ. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या बोळात माझं फोटो फ्रेमचं दुकान, मागेच घर. देव आणि मेलेली माणसं ही माझी गिऱ्हाइकं, आणि दोघंही कधी तक्रार घेऊन आली नाहीत. मग मोबाईल आला. आता लोक मेलेल्या बापाचा फोटो स्टेटसला ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तो आपोआप जातो, भिंतीत खिळासुद्धा मारावा लागत नाही. काच कापायचा हिरा हातात होता, तो कुठंतरी चालायला हवा, म्हणून काही वर्षांपूर्वी माशांच्या टाक्या करायला लागलो. पाच काचा, कडेला सिलिकॉन. फ्रेमच ती, फक्त आतलं चित्र हलतं.

मग माझी मुलगी आरजू कॉलेज संपवून पुण्यात एका मोठ्या माशांच्या दुकानात कामाला राहिली, तिथून शिकून आली आणि म्हणाली, अब्बा, हे नीट करू. नीट! म्हणजे मी आतापर्यंत काय करत होतो? पण एकुलती एक पोर. तिच्या कौतुकापायी 'हनीफ फ्रेम वर्क्स' ही पाटी मी स्वतः शिडीवर चढून उतरवली आणि 'आरजू अॅक्वेरियम' लावली.

आज दुकानात एक भारदस्त माणूस आला. वेल्ह्याचे आनंदराव, तोरण्याखाली हॉटेल बांधतायत. मला म्हणाले, "आरजू मॅडम हायत का? तुमी हितं कामाला का?"

मी म्हटलं, हो, कामालाच आहे.

१३ फेब्रुवारी

वेल्ह्याला जाऊन आलो. हॉटेल जवळजवळ उभं राहिलंय. जेवणाच्या हॉलची समोरची भिंत गवंड्यानं मधे मोकळी ठेवलीय, सहा फूट लांब, चार फूट उंच. आनंदराव म्हणाले, "हितं असं काय तरी करा, मानूस घास हातात धरून बघत बसला पायजे."

मी त्या भगदाडाकडे बघितलं आणि मला सगळं दिसलं. भिंतीवर टांगलेलं पाण्याचं चित्र. मागे-पुढे फक्त नऊ इंच जागा, म्हणजे टाकी आहे असं वाटायचंच नाही. सागवानी चौकट, पुढे एकसंध काच, वरपासून खालपर्यंत पाणी आणि त्यात मासे. असं काम पुण्यातसुद्धा कुणी केलं नसेल. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आनंदरावांचे डोळे चमकले. त्यांना आता कळलं असेल दुकानात कामाला कोण आहे ते.

आरजू टेपनं मोजत होती. म्हणाली, "अब्बा, उंची लई होतीय. टाकी दोन फुटांची करू, खाली दगडाचा ओटा देऊ."

मी म्हटलं, देवाचा फोटो कमरेपासून कापून लावतात का? आनंदराव खो खो हसले. ती टेप गुंडाळू लागली.

मग दाराशी ठेवायच्या कारंज्याची गोष्ट निघाली. तिथला वॉचमन कोंडिबा जवळच्याच पासली गावचा आहे. त्याच्याकडे आईचं जुनं जातं पडलंय. आरजू म्हणाली, जात्याच्या तोंडातून पाणी वर काढू, ते पाळीवरून चहूकडे सांडेल. कोंडिबा खूश. "न्या की ताई. आता कोन दळतंय त्याच्यावर." पीठ दळायच्या दगडावर पाणी दळणार! मला हसू आलं, पण आनंदरावांना ते फार आवडलं. माझ्या चित्रापेक्षा जास्त आवडलं की काय, अशी शंका येण्याइतकं.

अक्षय तृतीयेला उद्घाटन आहे.

२० फेब्रुवारी

आंबवड्याच्या फुलाबाईंचा फोन. त्यांचा मुलगा मुंबईत असतो, आईला सोबत म्हणून त्यानं माझ्याकडून टाकी करून दिली. आता म्हातारी दर आठवड्याला फोन करते. मासा गपगप बसलाय, मासा रुसलाय. आरजू स्कूटरवर जाते, पाणी बदलते, तासभर गप्पा मारते. मी कुणाच्या घरी काचा पुसायला जात नाही. कारागिरानं काम करून द्यावं, पुन्हा त्याच्यामागे फडकं घेऊन फिरू नये.

फोनवर फुलाबाई म्हणाल्या, "आरजूला सांग बाबा, म्या पानी वर चढू देत न्हाई, तिनं सांगितल्यालं ध्यानात हाय." मी आरजूला विचारलं हे काय. म्हणाली, माशांना वर हवा लागते. पुण्याला शिकून आलेली माणसं काहीही सांगतात. पूर्ण भरलेल्या नदीत मासे मरतात का?

४ मार्च

रोजे सुरू आहेत. तिसरा दिवस. दुपारनंतर डोकं धरतं आणि नेमकं तेव्हाच आरजूनं काचेचा विषय काढला.

तिचं म्हणणं, चार फूट उंचीला एकोणीस एमएम काच लागेल. मी दहा एमएम ठरवली होती. म्हटलं, बँकेची तिजोरी करायचीय का आपल्याला? जाड काच हिरवी मारते. तिच्यातून बघितलं की लाल मासा तपकिरी दिसतो. तीस-पस्तीस वर्षं मी लोकांच्या आया-बापांची तोंडं काचेमागे घालतोय, कुठली काच चित्र मारते हे मला शिकवणार का?

ती म्हणाली, "पाण्याचा जोर हाय ना अब्बा."

मी म्हटलं, पाणी आहेच किती? नऊ इंच जाडीचं. हातात धरावं एवढं. त्याला कसला आलाय जोर?

"जोर मागं पाणी किती हाय त्याच्यावर नसतो. उंचीवर असतो. उंच तेवढा खाली जोर."

हे तिनं अशा आवाजात सांगितलं की जणू मी शाळेतला मठ्ठ मुलगा आहे. शेजारचा चहावाला ऐकत होता. मी हातातला हिरा टेबलावर आपटला आणि म्हटलं, काच माझी, कापणार मी, दहा एमएम. तुला माशांचं बघायचं ते बघ.

इफ्तारला ती जेवली नाही नीट. सकिना माझ्याकडे असं बघत होती की खजूर घशात अडकावा.

१९ मार्च

काच जोडली. सिलिकॉनची रेघ एका हातानं, न थांबता, वरपासून खालपर्यंत ओढली. अशी रेघ भोर तालुक्यात दुसऱ्या कुणी ओढून दाखवावी. दुकानाच्या मधोमध उभी केलीय, पलीकडचं भिंतीवरचं घड्याळ जसंच्या तसं दिसतं. काच आहे हेच कळत नाही. सकिनाला हाक मारून दाखवली. "छान हाय," म्हणाली आणि आरजूकडे बघितलं. माझ्या कामाबद्दल मत द्यायलाही हिला पोरीची परवानगी लागते.

आरजू पिशवी भरत होती, उद्या टाक्या धुवायच्या फेरीला जायचंय. पंपाचे पाईप, जाळी, हिरव्या चिकटपट्टीचं रीळ. मी विचारलं, पट्टी कशाला? म्हणाली, लागते.

३१ मार्च

ईद. शिरखुर्मा. आरजूनं मला घड्याळ दिलं. पट्टा जरा घट्ट आहे.

११ एप्रिल

भिमाच्या टेम्पोत गाद्या अंथरून टाकी वेल्ह्याला नेली. नसरापूरपासून पुढे मी मागे टाकीजवळ बसलो, दोन्ही हात काचेला लावून. भिमा म्हणाला, "हनीफभाई, नवी नवरी नेतोय का आपण?" भिंतीत बसवली. चौकट लावली. मजुरांनी टाळ्या वाजवल्या, खरंच वाजवल्या.

पाणी भरायचं काम आरजूवर सोपवून मी टेम्पोनं परत आलो. जुन्या माणसानं सगळीकडे नाक खुपसू नये म्हणतात.

१७ एप्रिल

आज आनंदरावांचा फोन. "हनीफभाई, टाकी अर्धीच का वो?"

मी दुपारच्या एसटीनं वेल्ह्याला गेलो. जाऊन बघतो तर काय! पाणी दोन फुटांपर्यंत. त्याच्या वर तिनं दगड रचलेत, दगडांत नेचे लावलेत, मनीप्लांटच्या मुळ्या खाली लोंबतायत. माझ्या चित्राच्या अर्ध्यात झाडी. पाणी जिथं थांबतं तिथं कडेला बोटभर हिरवी चिकटपट्टी लावलेली. कोंडिबा शेजारी उभा होता. म्हणाला, "ताईंनी सांगितलंय, पट्टीच्या वर पानी चढवायचं न्हाई. म्या रोज बगतो."

आनंदराव म्हणाले, "दिसतंय झ्याक, न्हाई असं न्हाई. पर तुमी म्हनला व्हता वरपत्तुर पानी."

मी म्हटलं, होईल. वरपर्यंत होईल.

मी रडायच्या बेतात होतो आणि ते मी इथंच लिहितो. आयुष्यात एक काम असं केलं की जे करताना मला वाटलं, हे बघून माणसं विचारतील, कुणी केलं? आणि त्यावर माझ्याच पोरीनं पालापाचोळा टाकला. आता विचारतील, ही झाडं कुणी लावली? आरजू मॅडमनी.

दारात ते जातं झुळझुळ वाहत होतं. दोन बायका त्याच्याजवळ उभ्या राहून फोटो काढत होत्या.

२७ एप्रिल

आज घरात भांडण झालं. मी आरजूला सरळ विचारलं, टाकी पूर्ण का भरली नाहीस? आधी झाडं, ऑक्सिजन, नैसर्गिक दिसतं वगैरे सांगून झालं. मी सोडलं नाही. मग म्हणाली, "अब्बा, ती काच धरायची न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"दोन फुटांनाच मधे फुगलीय. फूटपट्टी उभी लावून बघा, दिसंल तुमाला."

मी म्हटलं, म्हणजे मला काच कळत नाही.

ती म्हणाली, "तुमाला काच कळती. पानी कळत न्हाई."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवतोय. बापाला म्हणालेली आहे. सकिना मधे पडली, "तिनं कवा तुमाला चारचौघांत कमी दाखवलं का? सांगा." मी म्हटलं, आता राहिलंय काय दाखवायचं. आरजू म्हणाली, "उद्घाटन होऊ द्या. मग पुढची काच म्या बदलून घेते. कुणाला कळनार बी न्हाई." कुणाला कळणार नाही! म्हणजे चोरून झाकायची गोष्ट झाली माझी कारागिरी.

२९ एप्रिल, मंगळवार

आज माझा दिवस. सावकाश लिहितो.

घरी सांगितलं, नसरापूरला लाकूड बघायला जातो. गेलो वेल्ह्याला. आरजू उद्या उद्घाटनाच्या सकाळी मासे घेऊन येणार होती, त्यामुळं हॉटेलवर फक्त कोंडिबा आणि मंडपवाले. मी पहिल्यांदा ते नेचे काढले, मग दगड. मग नखानं ती हिरवी पट्टी सोलून काढली आणि पाईप आत सोडला.

कोंडिबा आडवा आला. "भाऊ, ताईंनी सांगितलंय..."

मी म्हटलं, "ताईचा बाप कोण आहे?"

"तुमी."

"मग?"

तो बाजूला झाला. पण गेला नाही, हात मागे बांधून उभा राहिला.

पाणी चढत गेलं. तीन फूट. साडेतीन. काठाला टेकलं तेव्हा मी मोटार बंद केली आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खुर्चीवर बसलो. काय सांगू! भिंतीतून एक तुकडा कापून तिथं पाणी लावलंय असं वाटत होतं. मी मनात पाहिलं होतं तसंच, किंबहुना जास्तच. किती वेळ बसलो ठाऊक नाही. काचेत वरच्या ट्यूबलाईटचं प्रतिबिंब पडलं होतं, ते मधे जरा वाकलेलं दिसत होतं. ट्यूबच वाकडी बसवली असणार, हल्लीचे वायरमन असेच.

आनंदराव येऊन बघून गेले. माझ्या पाठीवर थाप मारली. "आता झालं की हो. आता झालं!"

घरी आलो तर सकिनानं माझ्या बाहीला चिकटलेला हिरव्या पट्टीचा तुकडा काढला. "ह्ये कुठलं?" मी म्हटलं, दुकानातलं. आरजू उद्याच्या माशांच्या पिशव्यांत हवा भरत बसली होती. मला म्हणाली, "अब्बा, उद्या तुमी पन चला माझ्यासंगं. टाकी तुमीच तर केलीय." मी म्हटलं, नंतर येतो. तिनं आधी जावं आणि बघावं, असं मला वाटत होतं. तिचा चेहरा मला बघायचा नव्हता, तिनं एकटीनं बघायला हवं होतं.

३० एप्रिल

या अल्लाह.

३ मे

पुण्याच्या दवाखान्यात आहोत. व्हरांड्यात बसून लिहितोय. डायरी पिशवीत कशी आली ठाऊक नाही.

आरजूचा उजवा हात. मनगटाच्या वर. तीन बोटांच्या शिरा आणि स्नायू तुटलेत असं डॉक्टर म्हणाले, ते जोडलेत. बोटं किती वळतील ते आत्ताच सांगत नाहीत.

कोंडिबा काल एसटीनं आला होता, डब्यात घरची भाकरी घेऊन. त्यानं सांगितलं. आरजू आत आली आणि टाकी बघून दारातच थांबली. हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. आधी हॉलमधल्या बाया-पोरांना बाहेर काढलं, ओरडून काढलं. खुर्च्या मांडणाऱ्यांना काढलं. कोंडिबाला म्हणाली, "तुमी पन जा." मग एकटी गेली आणि टाकीखालचा नळ सोडायला खाली वाकली. पाणी चारेक बोटं उतरलेलं दारातून दिसत होतं, म्हणाला तो. तेवढ्यात काच गेली.

पळून यायचं होतं तिनं. बाकीच्यांबरोबर बाहेर यायचं होतं. एका टाकीसाठी कोण असं करतं?

५ मे

आज आनंदराव आले. चांगला माणूस, ओरडले नाहीत. उद्घाटन मोडलं, हॉलभर पाणी, पाहुणे परत गेले, तरी केळी आणि मोसंबी घेऊन आले. खाटेजवळ स्टुलावर बसून म्हणाले, "मला येवढंच सांगा, पानी वर चढवायला कुनी सांगितलं? कोंडिबा तोंड उघडत न्हाई."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. हातात थर्मास.

आरजू म्हणाली, "म्या. उद्घाटनाला पूर्न दिसावी म्हनून म्या फोनवरून भरायला सांगितलं व्हतं. चूक माझी हाय. अब्बांनी टाकी चोख केली व्हती."

माझ्याकडे बघितलं नाही तिनं. सकिना खिडकीशी होती, ती बघत होती.

मी बोलणार होतो. खरंच तोंड उघडलं होतं. पण पोर एवढ्या ठामपणे बोलली की त्यावर मी काही म्हणणं म्हणजे परक्या माणसासमोर तिला खोटं पाडणं झालं असतं. आजारी माणसाला असा धक्का देऊ नये. आनंदराव उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बापाचं नाव ऱ्हाईलं ह्येच मोठं. पोरं काय, चुकत्यात."

मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो. चहा पाजला.

११ मे

काच खराब होती. यावर मी आता ठाम आहे. कंपनीतून येतानाच तिच्यात बारीक चीर असणार. नाहीतर माझी जोडणी? तुकडे बघितले मी, सिलिकॉनची रेघ जशीच्या तशी आहे, चौकटीला धरून बसलीय. काच मधे फुटली, जोड सुटला नाही. कुणालाही दाखवायला तयार आहे.

आरजूला घरी आणलं. डाव्या हातानं भात खाते. सांडतो. सकिना भरवायला गेली की नको म्हणते.

१९ मे

गावात सगळ्यांना कळलंय. "बाप एवढा कारागीर, पोरीनं उतावीळपणा केला," असं केशकर्तनालयात बसलेले लोक मला ऐकू येईल असं म्हणाले. मी पेपर वाचत राहिलो. वाईट वाटलं, आणि खरं लिहायचं तर नुसतं वाईट नाही वाटलं.

धंद्याचा विचार करायला हवा. 'आरजू' नाव आता गिऱ्हाइकाला खटकणार. म्हणून रंगाऱ्याला बोलावलं, जुनी पाटी माळ्यावरून काढली. 'हनीफ फ्रेम वर्क्स', अजून रंग चांगला आहे. शिडी लावली तोच सकिना घरातून बाहेर आली. तिच्या हातात पिठाच्या डब्याचं झाकण. झाकणाला आतून हिरव्या पट्टीचा तो तुकडा चिकटवलेला.

"ह्ये तुमच्या बाहीला व्हतं," ती म्हणाली. "पाटीला हात लावायचा न्हाई."

रंगारी तिच्याकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. ती झाकण घेऊन आत गेली. रंगाऱ्याला म्हटलं, नंतर बघू, आणि त्याला चहाला घेऊन गेलो.

आमच्या धंद्यात कपड्यांना पट्ट्या चिकटतातच. त्यावरून काय सिद्ध होतं? पण सकिना आता माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, बोलत नाही. डबा तसाच ओट्यावर असतो आणि रोज दोन वेळा ती तो उघडते.

९ जून

बकरी ईद झाली, यंदा घरात आवाज नव्हता.

गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले. पाणी गढूळ झालं, काचा हिरव्या पडल्या, ताई कधी येणार? ताई येणार नाही. शेवटी बादली, पाईप आणि जाळी घेऊन मीच निघालो. लोकांच्या घरी फडकं घेऊन जायची वेळ आली, यापेक्षा काय राहिलं.

पहिल्यांदा बाजारातल्या दातांच्या दवाखान्यात. मी केलेली सर्वांत जुनी टाकी. काच आतून पुसताना मागच्या कोपऱ्यात, चौकटीच्या आड, काहीतरी हाताला लागलं. हिरवी पट्टी. काठाच्या बरीच खाली. पाणी बरोबर तिथपर्यंत. डॉक्टरला विचारलं तर म्हणाला, "मॅडमनी लावलीय. या खुणेच्या वर भरू नका म्हणाल्या, आम्ही नाही भरत."

मला राग आला. एका टाकीबद्दल शंका होती तर मला सांगायचं.

तिथून मिठाईच्या दुकानात. माझी टाकी, माझी रेघ. मागच्या कोपऱ्यात पट्टी. तिचा रंग उडून पांढरा झालाय, म्हणजे दोन वर्षांपूर्वीची असणार, पुण्याहून आल्या आल्या लावलेली. दोन वर्षं ही मुलगी स्कूटरवरून माझ्या मागे पट्ट्या लावत फिरतेय आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर बसून जेवतेय.

शेवटी शाळेतली टाकी. ती आरजूनं एकटीनं बनवलेली, जाड, हिरवट काचेची. मी तिला नावं ठेवली होती. तिच्या चारही कोपऱ्यांत हात घालून बघितलं. पट्टी नाही. पाणी काठोकाठ.

१० जून

गेलो नाही कुठं.

१२ जून

उरलेल्या फेऱ्या केल्या. माझी एकही टाकी पूर्ण भरलेली नाही.

सगळ्यात शेवटी आंबवड्याला फुलाबाईंकडे. मला बघून म्हातारी दारातच म्हणाली, "पोरगी कुठाय?" मी म्हटलं, हाताला लागलंय. "कशानं?" मी म्हटलं, काचेनं. ती "अगं आई" म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला. मग मला गुळाचा चहा केला.

तिच्या टाकीला पट्टी मागे नाही, समोरच आहे, कुणालाही दिसेल अशी. आणि तिला हळद-कुंकू लावलेलं. रोज लावत असणार, थर चढलाय. मी बघत राहिलो तशी म्हणाली, "तुजी लेक म्हनली, आजी, ही खून हाय तवर तुमच्या घरात काय बी व्हायचं न्हाई. तवापासनं म्या रोज देवाला लावलं की हिला लावती." मग हळूच विचारलं, "पोरीच्या घरी न्हवती व्हय रं, अशी खून?"

मी म्हटलं, होती.

टाकी धुतली. नवं पाणी सोडलं. तिचा तो गोल्डफिश पाईपच्या धारेशी येऊन खेळत होता. पाणी वर येत गेलं, पट्टीच्या खालच्या कडेला टेकलं, आणि मी पाईप काढला. पट्टीचं एक टोक ओलीनं सुटलं होतं. ते अंगठ्यानं दाबून बसवलं. नीट बसेना, तेव्हा पुसून कोरडं केलं आणि पुन्हा बराच वेळ दाबून धरलं. अंगठ्याला कुंकू लागलं.

घरी आलो तेव्हा आरजू ओट्याशी डाव्या हातानं लसूण सोलत होती. पिठाचा डबा शेजारीच होता. तिनं माझ्या अंगठ्याकडे बघितलं. फुलाबाईंच्या घरी जाऊन आलो हे तिला तेवढ्यावरून कळलं.

"पानी कुठपर्यंत भरलं, अब्बा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "पट्टीपर्यंत."

ती बरं म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलू लागली. एक पाकळी हातातून निसटून माझ्या पायाशी आली. मी ती उचलून तिच्यापुढे ठेवली.